चार हातांची मोकळीक

मी लेकरू बांधायचा पट्टा बोलतोय. हसायचं तर हसून घ्या, बऱ्याच जणांनी घेतलंय.

शिवलं मला कारखान्यात, पण घरात आणलं ते एका आईच्या उडालेल्या झोपेनं. शेजारच्या देशात सहलीला जायचं ठरलं आणि ती रात्रभर कूस बदलत राहिली. साडेतीन वर्षांची लेक, तिथली भाषा येत नाही. हरवली तर? सकाळी तिनं लेकीची परीक्षा घेतली, "आईचं नाव काय?" उत्तर आलं, "आई." संध्याकाळी मी घरात.

एक टोक लेकीच्या मनगटाला, दुसरं आईच्या. मधे चार हात मी.

"अगं, पोर आहे ती, शेळी नाही," बाबा म्हणाले.

"हरवली तर तिथल्या पोलिसांशी बोलणार कोण? तुमचं तर हॉटेलात पाणी मागतानाही त त प प होतं."

बाबा बॅग भरायला लागले.

तिथल्या बागेत मोठी घसरगुंडी होती. शिडीच्या तिसऱ्या पायरीला मी संपायचो, आणि लेक तिथूनच खाली उतरायची. वर बसलेल्या मुलांना हात करायची. उलट कुणी केला नाही. 'जरा अतीच करतेय का मी?' असं आईला वाटायचं, आणि ती मला आणखी एक वेढा द्यायची.

तिसऱ्या दिवशी समुद्रकिनारा. बाबा लाटांत. लेकीला तहान लागली. टपरी समोरच होती, पण वाळू तापलेली; चिमुकल्या पायांना चटके नकोत. आईनं माझं टोक जड लाकडी खुर्चीच्या पायाला बांधलं, दोनदा ओढून पाहिलं. "दोन मिनिटं हं, शहाणी माझी ती."

तीन मुलं आली. एकानं कुत्र्याला बोलावतात तसं च् च् केलं आणि बिस्किट वाळूत टाकलं. लेकीनं ते उचललं, फुंकलं, खाल्लं. पोरं लोळून हसली. दुसऱ्यानं भुंकून दाखवलं, तर तीही भुंकली. पुढचं बिस्किट मुद्दाम लांब पडलं. ती धावली, मी ताणलो, आणि ती उताणी आपटली. टाळ्या! सैल होणं माझ्या हातात नव्हतं. मला शिवलंच तसं होतं.

आई बाटली टाकून धावली. मारायला हवी होती ती पोरं पळाली, म्हणून बांधलेली होती तिलाच तिनं मारलं. "भुंकतेस काय!"

मग तिला छातीशी धरून स्वतःच रडली. गाठ दातांनी सोडवली आणि मला कचऱ्याच्या डब्यात फेकलं.

आता मी आइस्क्रीमच्या काड्यांत पडलोय. शिवण पक्की आहे, अजून पुष्कळ वर्षं टिकेन. कुणा घाबरलेल्या आईला दिसलो, तर बाई गं, उचलू नकोस मला.

मला फेकून आई निघाली, तेव्हा लेकीनं तिच्या खांद्यावरून मागं वळून पाहिलं. मनगटावर लाल वळ होता. आता 'दुखतंय' म्हणेल, म्हणून आई थांबली.

"आई, पट्टा घे ना. नाहीतर उद्या ती मुलं माझ्याशी खेळणारच नाहीत."