सुकाणूची टकटक

दादाची शिडाची यॉट बारा वर्षं आमच्या शेडमध्ये टेकूंवर उभी होती. शेडला मागून भिंत नाही. वारा आला की सुकाणू हलायचं आणि त्याचा दांडा ज्या पितळी कड्यात फिरतो त्या झिजलेल्या बुशात आपटायचा. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. मी शेजारी लोकांच्या होड्या दुरुस्त करायचो, पण तिच्याकडे पाठ करून.

दादा एकटाच समुद्रात गेला होता. तीन दिवसांनी यॉट सापडली. शिडं वर, आत कोणी नाही. जायच्या आदल्या दिवशी स्टिअरिंगच्या तारा मीच बदलल्या होत्या. बातमी आली तेव्हा मी जेवत होतो. हात ताटातच थांबला. तार ज्या कप्पीवरून जाते तिच्या बोल्टला मी नट लावला, पण नट सुटू नये म्हणून स्प्लिट पिन घालतात, ती घातली का? काही केल्या आठवेना. पिन नसेल तर हादऱ्यांनी नट गळतो, कप्पी सुटते, चाक नुसतं फिरत राहतं. मग माणूस मागे ओणवा होऊन हातानेच सुकाणू वळवायला जातो. पुढचं मला रोज दिसायचं. कप्प्या असतात त्या मागच्या खणाचं झाकण उघडून बघायची मात्र छाती झाली नाही.

यंदा पुतणीने हट्ट धरला. बापाची यॉट ती पाण्यात उतरवणार. चाक फिरवून म्हणाली, हे कधी सुकाणूला धरतं, कधी नुसतंच फिरतं. मी चाक धरून थांबवलं. म्हटलं, विकून टाकू.

"काका, तुम्ही करत नसाल तर मी दुसरा मिस्त्री बघते."

ते झाकण परक्या हाताने उघडायचं, हे मला सोसणारं नव्हतं.

दुपारी आम्ही दोघं मागच्या खणात शिरलो. म्हणजे ती सुळकन गेली, मी पोत्यासारखा ढकलला गेलो. तुम्हाला आत ठेवूनच यॉट उतरवावी लागणार, असं ती म्हणाली आणि तिने बॅटरी धरली. तारांचे तंतू तुटून काटे आले होते. कप्प्यांची भोकं लांबट झाली होती, तार त्यांवरून घसरत होती. शेवटच्या कप्पीवरचं वाळलेलं ग्रीस मी फडक्याने पुसलं.

पिन होती.

मी डोळे मिटले. मग पुन्हा बघितलं. मी पिनेचे पाय दोन बाजूंना वाकवतो, पहिल्यापासून. हिचे दोन्ही पाय एकाच बाजूला गुंडाळले होते. ती दादाची पद्धत.

बॅटरी फळीवर मारायला सांगितली. जे काम केलं ते शेजारच्या फळीवर पेन्सिलने लिहून ठेवायची दादाला सवय होती. वही हरवते, फळी कुठे जाते, म्हणायचा. तेव्हा मला ती अक्षरं म्हणजे मुंग्या. वाचायला मी साठीनंतर शिकलो, ह्याच पुतणीकडून. बोट ठेवून वाचलं: पिन राहिली होती. मी घातली. धाकट्याला सांगू नये.

पुतणीने बॅटरी फळीजवळ नेली आणि बापाचं अक्षर पुन्हा वाचलं.

संध्याकाळपर्यंत नव्या तारा, कप्प्या, बुश बसले. पिना मी दादासारख्या गुंडाळल्या. आता चाकाला बोट लावलं की सुकाणू वळत होतं. वारा होता, पण शेड गप्प होती.

वहिनी दारात येऊन उभी राहिली. "भावोजी, आवाज बंद केलात?"

मी तिला पिनेचं सांगितलं, बारा वर्षांचंही सांगितलं. ती खाली बसली. दादा जाताना तिला पिनेचं बोलला होता, धाकट्याला कळलं तर जिवाला लावून घेईल, म्हणून ती गप्प राहिली. माझी उतरलेली तब्येत बघून तिला वाटायचं, भावासाठी झुरतोय.

"मग दादा गेला कशाने?" मी विचारलं.

वहिनीने सुकाणूकडे बघितलं. "त्या टकटकीत तेच तर ऐकत होते मी इतकी वर्षं," ती म्हणाली.

उठताना तिने भंगारातला जुना पितळी बुश घेतला, एका बाजूने नखाएवढा पातळ झालेला. तो तिने खिडकीत दोरीने टांगलाय. पुतणी समुद्रावर गेली की आम्ही दोघं तिथेच बसतो. वारा आला की बुश गजावर आपटतो. टक्. मग आम्ही पुढच्याची वाट बघतो.