पांढरी क्ले, दोन चमचे राख

राख चहाचे दोन चमचे भरली. शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होताना मेरिन ओट्सने एक बारीक चाळणी घरी आणली होती. तिच्यातून तिने राख तीनदा चाळली आणि वजन केलं. साडेसात ग्रॅम.

आठवड्यापूर्वी समोरच्या घरातली जॅसिंटा ही राख घेऊन आली होती. मूल पोटातच गेलं होतं, छत्तिसाव्या आठवड्यात. दहनाच्या दुसऱ्याच दिवशी तिचा नवरा ब्रोडी उत्तरेकडे तांब्याच्या खाणीवर निघून गेला. त्याची पाळी होती. पाळी बदलून मागितली असती तर मिळाली असती, पण त्याने मागितली नाही. तो शुक्रवारी दुपारच्या विमानाने परतणार होता. तेव्हा त्याच्या हातात द्यायला जॅसिंटाला ही राख मिसळून घडवलेला क्लेचा झोपाळू सरडा हवा होता, तिकडच्या माळावर असतो तसा. आखूड शेपटीचा, जाड खवल्यांचा, रस्ता ओलांडायला पाऊण तास लावणारा.

"पोटात तो दिवसा फारसा हलायचा नाही," ती म्हणाली होती. "म्हणून ब्रोडी त्याला झोपाळ्या म्हणायचा. दुसरं नाव ठेवायचं राहूनच गेलं."

"थोडी राख बाजूला ठेवू या," मेरिनने सुचवलं होतं. "भाजताना काही बिघडलं तर असावी."

"नको. अर्धा इथे, अर्धा कपाटात, असं मला नको. सगळा एकत्र हवाय."

मेरिनने याआधी अशी नऊ कामं केली होती, पण त्यातली बहुतेक कुत्र्यांच्या राखेची. गुरुवारी सकाळी तिने राख पांढऱ्या पॉलिमर क्लेत मळली. शंभर ग्रॅमचा गोळा झाला, लोण्यासारखा मऊ. तो कागदात गुंडाळून पत्र्याच्या डबीत ठेवला आणि ती गाडीने चर्चच्या हॉलकडे निघाली. दर गुरुवारी तिथे बायका जमून भेटवस्तू करायच्या आणि क्लेसाठी वेगळा ओव्हनही तिथेच होता.

चहाचं दूध आणायची पाळी तिची होती, म्हणून ती वाटेत दुकानापाशी थांबली. डबी आत न्यावी असं तिच्या मनात आलं, पण ट्रॉलीत गोठवलेल्या मटारांशेजारी ती ठेवणं बरं दिसेना. तिने डबी गाडीतल्या सीटवर ठेवली, बाहेरून एकदा काचेवर हात ठेवला आणि आत गेली. दुकानात गुरुवारच्या बायकांतली वॅल भेटली. वॅलचा गुडघा, वॅलचा जावई, वॅलच्या जावयाची बोट. आत गारवा होता. मेरिन बाहेर आली तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती. फेब्रुवारी, म्हणजे इथला भर उन्हाळा. त्रेचाळीस अंश.

सीटबेल्टच्या कडीने बोट भाजलं तेव्हा तिच्या लक्षात आलं.

पॉलिमर क्ले म्हणजे खरं तर मातीच नव्हे. प्लास्टिकची पूड आणि तिला मऊ ठेवणारं तेल. एकशे तीस अंशांवर अर्धा तास भाजली की ती कायमची घट्ट होते. पण साठ अंशांपासूनच आतल्या आत जमायला लागते. बंद गाडीतली पत्र्याची डबी उन्हात सत्तरच्या पुढे सहज जाते. हे मेरिनला माहीत होतं. उन्हाळ्यात क्ले टपालाने मागवू नका, असं ती दरवर्षी नवीन बायकांना बजावायची.

हॉलवर तिने डबी उघडली. गोळा दाबल्यावर दबला नाही. शिळ्या वडीसारखा कडेने फुटला.

वॅलने बोटाने टोचून पाहिलं. "कामातून गेली ही. दुसरा गोळा कर."

"राख यातच आहे, वॅल."

"मग कोंबडीचं हाड जाळ. ती पोरगी काय सूक्ष्मदर्शकाखाली धरणार आहे?"

"मला माहीत असेल ना."

"तुला काय, तू बावीस वर्षं लोकांच्या पोरांच्या परीक्षानळ्या धुतल्यास, तुला सगळंच माहीत. अगं, त्या पोरीला उद्या नवऱ्याच्या हातात काहीतरी द्यायचंय. तेवढं बघ की."

मेरिनने नवीन पांढरी क्ले घेतली. चाळीस मिनिटांत सरडा झाला. खवले एकावर एक नीट बसले, जबड्याची रेघ उतरली, इतका चांगला तिच्या हातून पूर्वी कधी झाला नव्हता. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत बसली. मग तिने तो मुठीत चेपला. राहिला असता तर तिने तोच दिला असता.

दोन वाजता ती डबी घेऊन जॅसिंटाच्या स्वयंपाकघरात उभी होती. काय झालं ते तिने न थांबता सांगितलं. दूध, दुकान, पन्नास मिनिटं. मटारांचं मात्र सांगितलं नाही. ती सबब वाटली असती.

जॅसिंटाने पंख्याची गती कमी केली, बहुतेक नीट ऐकू यावं म्हणून.

"तुम्ही त्याला गाडीत ठेवलंत," ती म्हणाली. "उन्हात. काचा बंद करून."

"हो."

दुकानाच्या दारावर तसला फलक होता, गाडीत बसवलेल्या लेकराच्या चित्राचा, मुलांना बंद गाडीत सोडू नका असं बजावणारा. मेरिन त्याच्यासमोरूनच आत गेली होती.

"तो आहे का यात अजून?"

"सगळा आहे. राखेला काही होत नाही. तिने याहून कितीतरी जास्त–" मेरिन थांबली.

"बोला ना. जास्त उष्णता सोसलीय. दवाखान्यात सगळे असेच अर्ध्यावर थांबायचे." जॅसिंटाने खुर्ची ओढली. "मग बिघडलंय काय?"

"क्ले. ती बारीक चिरून, तेलाचे थेंब घालून मळत बसावी लागेल. तीन तास, कदाचित चार. तरी तडा जाऊ शकतो. मी आत्ता–"

"तुम्ही हात लावायचा नाही. तिकडे बसा आणि कसं करायचं ते सांगा."

मेरिन बसली, हात मांडीवर ठेवून. जॅसिंटा चिरू लागली. कण उडाला की ती थांबायची, बोटाच्या टोकावर उचलून परत घ्यायची. पहिला तास तर नुसता भुगाच होता. मेरिन सांगे, "आणखी एक थेंब. एकच. तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दाब." जॅसिंटाच्या कपाळावरचा घाम टेबलावर पडत होता.

"शेवटचे तीन दिवस तो हललाच नाही," ती मळता मळता म्हणाली. "ब्रोडी पोटापाशी तोंड नेऊन ओरडायचा, ऊठ रे झोपाळ्या, कामावर जायचंय. मी हसायचे. तीन दिवस हसले मी, मेरिन."

मेरिन पुढे वाकली. ती म्हणाली, "कडा बघ. फुटायच्या कमी झाल्यात."

"मला आधी वाटायचं, हा सरडा ब्रोडीला बोचावा म्हणून करून घेतेय."

"आणि आता?"

"आता माझे हात दुखतायत."

साडेपाचला गोळा जेमतेम एकजीव झाला. सरडा ओबडधोबड उतरला. खवले तिने काट्याने टोचले, पाय चार वेगवेगळ्या मापांचे झाले. मेरिनची बोटं मांडीवर दोनदा वळली. तिने ती दाबून धरली. अन्नाच्या ओव्हनमध्ये क्ले भाजायची नाही हा तिचा नियम होता, पण तिने तो विषय काढला नाही. फॉइलखाली झाकून ठेव, एवढंच सांगितलं. एकशे तीस अंश, अर्धा तास. दोघी ओव्हनच्या दिव्याकडे बघत बसल्या.

बाहेर काढला तेव्हा मानेपासून शेपटीपर्यंत तडा होता. खोल नव्हता, पण स्पष्ट दिसत होता.

"हा बुजवता येतो," मेरिन म्हणाली. "पातळ क्ले भरायची आणि पुन्हा पंधरा मिनिटं–"

"नाही." जॅसिंटाने सरडा ओव्हनच्या ट्रेवरून कालथ्याने अलगद उचलून ताटलीत ठेवला. "आधी तिथे दहनाला, मग तुमच्या गाडीत, आता इथे. तीनदा झालं. आता त्याला आणखी तापवायचं नाही."

तिने ताटली पंख्याखाली सरकवली आणि समोर बसली. जा असं तिने मेरिनला म्हटलं नाही, थांबा असंही नाही. सरडा हात लावण्याइतका गार व्हायला वीस मिनिटं लागली. तोवर मेरिन बसून होती.