दानम्माच्या पायांवरचा भार

त्या दिवशी माझ्या दवाखान्यात एकही पेशंट नव्हता. सात रस्ता चौकाजवळची आमची सगळी गल्ली समोरच्या शिवपुत्र कापडवाल्याच्या अंगणात लोटली होती. ऊद, घंटा, नारळ आणि मधोमध भारहरण महाराज! लोकांच्या खिशाखेरीज त्यांनी कशाचा भार हलका केल्याचं मला ठाऊक नव्हतं, तरी मीही जाऊन उभी राहिले.

शिवपुत्रची बायको दानम्मा जमिनीवर बसली होती. बाळंत होऊन जेमतेम दोन महिने झालेले.

"ऊठ!" महाराज म्हणाले.

तिनं हात टेकले, मांड्यांवर रेटा दिला, अर्धवट उचलली गेली आणि धपकन खाली बसली. बाया हळहळल्या.

"पाहिलंत? सात पिशाच्चं हिच्या पायांना लोंबकळताहेत. त्यातलं सातवं ठार बहिरं, त्याच्यासाठी मंत्र दोनदा म्हणावा लागतो!"

चेल्यांनी तिला उचलून महाराजांच्या उंच आसनावर बसवलं. मोरपिसं फिरली, मंत्र झाले, बहिऱ्यासाठी पुन्हा झाले. "ऊठ!" आणि दानम्मा खरंच उठली. डुलत डुलत चार पावलं चालली. लोकांनी जयजयकार केला. महाराजांनी वर पथ्य सांगितलं: भार परतू नये म्हणून बाईनं उजेडात यायचं नाही, दूध-दही शिवायचं नाही.

मी तिच्या सासूला, बसव्वाला, गाठलं. "अहो, तिची हाडं आणि स्नायू दुबळे झालेत. कोंडू नका तिला. दूध द्या, उन्हात बसवा. तिला आणि बाळाला माझ्याकडं आणा."

"डॉक्टरीणबाई, तुमी लई शिकलेल्या हाय, खरं हाय. पर म्हाराजांनी डोळ्यांदेखत उभं केलं की! ऊन लागून बाळंतीण आजारी पडली तर?"

सोलापुरात उन्हाची कधी वानवा पडली आहे का? पण त्या घरच्या सुनेच्या वाट्याला ते येतच नव्हतं. गरोदरपणी माजघर, नंतर बाळंतिणीची बंद खोली, आणि आता महाराजांचा अंधार.

एका दुपारी शिवपुत्र बाळाला घेऊन धावत आला. लेकराला झटक्यांवर झटके येत होते. पहाटेपासून घरात अंगारा लावणं चाललं होतं. मी कॅल्शियमचं इंजेक्शन भरलं, इवल्याशा हातात शीर शोधली. ती सापडेपर्यंत बाळ गेलं. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि इतकं रडूही.

"भार आईचे पाय सोडून पोरात शिरला," असं सांगून महाराजांनी मुक्काम हलवला. दानम्मानं ते खरं मानलं. "मी उभी राह्यले म्हणून त्यो गेला," ती एवढंच म्हणायची. अन्नपाणी सोडलं होतं तिनं. अशानं तीही हाती लागणार नाही, या भीतीनं शेवटी बसव्वाच तिला माझ्याकडं घेऊन आली.

मी दानम्माला जमिनीवर बसवलं. उठता येईना. उंच स्टुलावर बसवलं. उठली. पुन्हा जमिनीवर. पुन्हा उठता येईना.

"आता मंत्र कुणी म्हटला, बसव्वा?"

बसव्वानं स्टूल हातानं चाचपून पाहिलं.

"ऊन अंगाला लागलं की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं. ते नसलं की हाडं मऊ पडतात, मांड्यांचं बळ जातं. अशा माणसाला खालून उठता येत नाही, उंचावरून येतं. महाराजाला जीवनसत्त्व माहीत नसेल, आसन किती उंच हवं ते पक्कं माहीत होतं. आईच्या अंगात नव्हतं ते बाळाला कुठून मिळणार? ते नसलं की रक्तातलं कॅल्शियम घटतं, म्हणून त्याला झटके आले."

"म्हंजी मी न्हाय मारला त्याला?" दानम्मानं विचारलं.

"नाही गं. तू नाही."

तेव्हा ती मोठ्यानं रडली. बसव्वानं खाली मान घालून विचारलं, "येळेत आणला असता तर वाचला असता व्हय?"

खोटं बोलणं सोपं होतं. "बहुतेक वाचला असता," मी म्हणाले.

औषध, दूध आणि अंगणातलं सकाळचं ऊन यांवर काही महिन्यांनी दानम्मा आपल्या बळावर खालून उठू लागली. बसव्वा आता गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीच्या घरी जाते. "दार उघडा, पोरीला उन्हात बसवा. माझा नातू ऱ्हायला न्हाय," एवढंच सांगते आणि डोळे पुसत परत येते.

माझंही एक ऐका. डोळ्यांनी पाहिलं तेवढ्यावर हात जोडू नका. हे कसं झालं ते विचारा, आणि नीट उत्तर मिळेपर्यंत आपलं माणूस कुणाच्या स्वाधीन करू नका.