साहेबांची नोंद

पाणथळ समितीचं चिटणीसपद तिच्या गळ्यात पडलं, कारण निवडीच्या दिवशी ती दाढ काढायला गेली होती. परत आली तेव्हा एक दाढ कमी आणि एक पद जास्त झालं होतं. "तुझं अक्षर चांगलं आहे," असं अध्यक्ष म्हणाले. अक्षर चांगलं होतंच, पण खरी गोष्ट अशी की चिटणीस कोण होणार असं विचारल्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या आणि हिची मान तिथे नव्हतीच. तेव्हापासून सगळी वस्ती तिला चिटणीसबाई म्हणायला लागली. सासूसुद्धा म्हणायची, पण फक्त रागात असली तर.

वस्तीतली अकरा घरं लव्हाळ्याच्या चटया विणून पोट भरायची. लव्हाळं उगवायचं समोरच्या पाणथळीत आणि पाणथळ होती सरकारची. पूर्वी लोक हवं तिथे आणि हवं तेवढं कापायचे. मग पाखरं कमी झाली, लव्हाळंही आखूड झालं, आणि सरकारी कार्यालयाने कापणीच बंद केली. त्या बंदीत चिटणीसबाईने तीन वर्षं लांबच्या शहरात मासळी गोठवायच्या कारखान्यात काढली. दिवसभर बर्फात हात घालून मासे निवडायचे आणि रविवारी घरी फोन करायचा. मुलगी पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलली ते तिने फोनवर ऐकलं, आणि वाक्य होतं, "ही कोण बोलतेय?" त्या दिवसांची आठवण निघाली की तिला अजूनही रडू यायचं. पुन्हा तिथे जायचं नाही, एवढी एकच गोष्ट तिने आयुष्यात नक्की ठरवलेली होती.

शेवटी तोडगा निघाला. पाणथळीचे सहा पट्टे पाडायचे, पाळीपाळीने कापायचे, दोन पट्टे दरवर्षी उभेच ठेवायचे आणि दिसलेल्या पाखरांची रोज नोंद करायची. प्रयोग तीन वर्षांचा. त्यानंतर नोंदवही तपासून कार्यालय ठरवणार, कापणी चालू ठेवायची की कायमची बंद करायची. ती तीन वर्षं आता संपत आली होती.

नोंदीची रीत साधी होती. कापणारे संध्याकाळी चटयांच्या शेडमध्ये यायचे, पायांचा चिखल धुवायचे आणि काय काय दिसलं ते सांगायचे. जे सांगितलं ते, जसं सांगितलं तसं लिहायचं, असा समितीचा नियम होता. बदकं, बगळे, खंड्या यांची काही अडचण नव्हती. घोळ झाला तो एका पाखरामुळे. ते दुर्मिळ होतं, कार्यालयाच्या यादीत पहिलं होतं, आणि खरं तर त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप चालला होता. प्रशिक्षणात त्याचं पुस्तकी नाव सांगितलं होतं, पण ते इतकं लांबलचक होतं की शेवटच्या अक्षरापर्यंत पोचेतो पाखरू निघून जायचं. वस्तीत त्याला पणजोबांच्या काळापासून एकच नाव होतं. साहेब. ते नाव का पडलं हे कोणी विचारत नसे, कारण पाखरू एकदा पाहिलं की विचारायची गरजच उरत नसे.

चिटणीसबाईने तेच नाव लिहिलं. आता साहेब म्हटल्यावर एकेरी कसं लिहिणार? म्हणून साहेब आले, साहेब बसले, असं मानाने लिहिलं. मादीला बाईसाहेब केलं. तीन वर्षांच्या जाड वहीला सुरेख पुठ्ठा लावला आणि कार्यालयात पोचती केली.

आठव्या दिवशी कार्यालयाचे अधिकारी स्वतः आले.

शेडच्या दारात ते उभे राहिले आणि चिटणीसबाईला लव्हाळ्यातले साहेब आठवले. उंच, किडकिडीत बांधा, अंगात राखाडी कोट, खांदे वर, मान आत. तिने सासूकडे पाहिलं. सासू तोंडाला पदर लावून खोकत होती, आणि तिला खोकला मुळीच झालेला नव्हता.

अधिकाऱ्यांनी खुर्चीवर बसून सोबत आणलेली वही उघडली. "बाई, ही तुम्ही लिहिता?"

"हो, साहेब."

"मग हे साहेब कोण?"

चिटणीसबाईने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की हा प्रश्न तिला तीन वर्षांत एकदाही सुचला नव्हता.

"मी आमच्या फिरतीच्या डायऱ्या काढून बघितल्या," अधिकारी म्हणाले. "तीन वर्षांत कार्यालयातून इथे दोनदा माणूस आला. तुमच्या वहीत साहेब तीनशे बारा वेळा आलेत." त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि वाचायला सुरुवात केली. "साहेब पहाटेच आले. दुपारपर्यंत पाण्यात उभे. काही केले नाही."

"ते... तसंच असतं त्यांचं," ती म्हणाली.

"साहेब तिसऱ्या पट्ट्यात. दोन मासे व एक बेडूक घेतला व निघून गेले." त्यांनी वर पाहिलं. "मासे घेतले हे मी समजू शकतो. दुर्दैवाने समजू शकतो. पण बेडूक कशाला?"

अध्यक्षांना अशी शांतता सोसत नसे. ते म्हणाले, "आवड असते एकेकाची."

अधिकाऱ्यांनी पान उलटलं. "साहेबांनी चार अंडी दिली. कोणाला दिली?"

"कोणाला नाही. नुसती दिली."

"चारच?"

"एका वेळी तेवढीच देतात."

"तसं बघितलं तर बाईसाहेबांनी दिली," अध्यक्षांनी दुरुस्ती केली. "साहेबांचा नुसता हातभार."

सासूचा खोकला इतका वाढला की तिला बाहेर जावं लागलं.

अधिकाऱ्यांनी वही मांडीवर ठेवली आणि आवाज खाली आणला. माणूस रागावलेला नव्हता, आणि हेच जास्त कठीण होतं. "हे बघा, घाबरू नका. आमच्या खात्याचं नाव सांगून कोणी तोतया इथे येत असेल, तुमच्याकडून मासे उकळत असेल, तर मला सांगा. मी त्याला सोडणार नाही."

आता चिटणीसबाईची चांगलीच कोंडी झाली. खरं सांगावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. पाखराला साहेब का म्हणता? त्याचं उत्तर समोर खुर्चीवर बसलं होतं. न सांगावं, तर सगळी वही तोतयाच्या नावावर जात होती.

"आणि हे," अधिकारी पुढे म्हणाले. "साहेब व बाईसाहेब जोडीने आहेत. त्यांना त्रास होऊ नये म्हणून पाचव्या पट्ट्याची कापणी दीड महिना बंद. म्हणजे तुम्ही सगळ्यांनी दीड महिना हातावर हात ठेवून बसायचं, का तर एका माणसाला त्रास नको. त्याने तसं सांगितलं होतं?"

"नाही. आम्हीच ठरवलं. त्या वर्षी चटया कमी झाल्या, पण ठरवलं ते पाळलं."

"मग या वहीवर मी विश्वास कसा ठेवू?" त्यांनी वही मिटली. "अशा नोंदींवर परवानगी पुढे चालू ठेवणं मला शक्य नाही. वाईट वाटतं, पण शक्य नाही."

चिटणीसबाईची बोटं गार पडली, अगदी कारखान्यात पडायची तशी. मान गेला खड्ड्यात, तिने मनाशी म्हटलं.

"साहेब," ती म्हणाली, "साहेब म्हणजे पाखरू आहे."

अध्यक्ष छताकडे बघत राहिले, जणू छत त्यांनी आजच पाहिलं होतं.

"पाखरू," अधिकारी म्हणाले.

"हो. तुमच्या यादीतलं पहिलं."

त्यांनी खिशातून यादी काढली, पहिलं नाव वाचलं आणि पुन्हा वही उघडली. मासे, बेडूक, चार अंडी. बोट एकेका ओळीवरून हळूहळू फिरत गेलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. का म्हणता, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. यादी घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "दाखवा."

होडी सासूने हाकली, कारण पाणी न हलवता होडी न्यायची कला वस्तीत तिच्याइतकी कोणाला साधत नव्हती. अधिकारी पुढे बसले, चिटणीसबाई मधे. पाचव्या पट्ट्याच्या कडेला सासूने काठी चिखलात रोवली आणि होडी थांबवली. समोर माणसाच्या वर गेलेलं लव्हाळं दाट उभं होतं.

बराच वेळ गेला. अधिकारी डावीकडे बघत होते, उजवीकडे बघत होते. "इथे तर काहीच नाही," ते कुजबुजले. सासूने कपाळावर हात मारला. मग ती पुढे वाकली, त्यांची हनुवटी धरली आणि नातीची वेणी घालताना तिची मान वळवायची तशी त्यांची मान वळवली.

पाखरू दोन हातांवर होतं. तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचं, खांदे वर, मान आत. त्याचा पिवळा डोळा अधिकाऱ्यांवर रोखलेला होता आणि कधीचा रोखलेला होता कोण जाणे. अधिकारी नकळत उठून उभे राहिले आणि तसेच राहिले. दोघं समोरासमोर. हसू दाबता दाबता चिटणीसबाईच्या पोटात कळ आली. मग पाखराने मान एकदम लांब केली, पाण्यातून एक बेडूक उचलला, गिळला, आणि पुन्हा जसं होतं तसं उभं राहिलं.

"बावीस वर्षं," अधिकारी अगदी हळू म्हणाले. "बावीस वर्षं मी याच्यावर अहवाल लिहितोय. कधी पाहिलं नव्हतं." त्यांचे डोळे भरून आले होते. ते पाहून तिचं हसू कुठल्या कुठे गेलं.

जरा वेळाने त्यांनी मागे न वळता विचारलं, "साहेब का म्हणता?"

चिटणीसबाईने सासूचा पाय दाबला, पण उशीर झाला होता.

"एका जागी उभा राहतो," सासू म्हणाली. "दिवस दिवस काही करत नाही. आपणहून तोंडाशी येईल तेवढं गिळतो."

"पण नजर सगळीकडे असते," चिटणीसबाईने घाईघाईने सारवासारव केली.

"हं," अधिकारी म्हणाले. परतीच्या वाटेवर ते दुसरं काहीच बोलले नाहीत. पाठीवरून माणसाचं मन ओळखता आलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

शेडमध्ये आल्यावर त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली. "आजची नोंद करा."

तिने पेन उचललं. अध्यक्ष अधिकाऱ्यांच्या मागे उभे राहून हातवारे करत होते. जपून, चार शब्द गोड लिही, असा त्यांचा अर्थ होता. पण या वहीत एक ओळ जरी खोटी लिहिली, तर आधीच्या तीनशे बाराही खोट्या ठरतील, हे तिला पक्कं कळत होतं. तिने लिहिलं:

"पाचवा पट्टा. साहेब दोन. एक लव्हाळ्यात, एक होडीत. लव्हाळ्यातल्या साहेबांनी एक बेडूक घेतला. होडीतल्या साहेबांनी दीड तास काही केले नाही."

अधिकाऱ्यांनी वही फिरवून घेतली आणि वाचली. अध्यक्षांनी डोळे मिटले. अधिकाऱ्यांनी घड्याळात पाहिलं, तिच्या हातातलं पेन मागून घेतलं, 'दीड' खोडलं आणि वर 'पावणेदोन' लिहिलं. मग खाली दोन ओळी लिहून सही केली, तारीख घातली आणि वही परत तिच्याकडे दिली.

"सर्व नोंदी खऱ्या आहेत. कापणीस पुढील पाच वर्षे परवानगी दिली आहे."

तिने ते तीनदा वाचलं. मग ती चटयांच्या थप्पीवरच बसली. तिने कामाचंच विचारलं. "यापुढे पुस्तकी नाव लिहू का, साहेब?"

"नको," अधिकारी कोटाची बटणं लावत म्हणाले. "चाललंय तसंच लिहा. फक्त आजची नोंद अर्धी राहिलीय. होडीतल्या साहेबांनी नंतर शेडमध्ये येऊन एक काम केलं, तेही लिहा. आमच्याबद्दल असं लिहायची वेळ फार वेळा येत नाही."

तिने पेन हातात घेतलं, पण कागद धूसर दिसत होता. ओळ लिहायला तिला थोडा वेळ लागला. अधिकारी तेवढा वेळ दारात उभे राहिले.