चंचलचा गोरा फोटो

पाहुणे चहा पिऊन उठले आणि जिन्यातच मुलाची आत्या बोलली, "फोटोतली पोरगी वेगळीच होती." ते ऐकून चंचलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याआधी नंदुरबारवालेही असंच तोंड वाकडं करून गेले होते. आता अमळनेरच्या स्थळाला माय पुन्हा तोच फोटो धाडणार होती. चंचलनं तो उचलला आणि तरातरा गोडादऱ्याच्या नाक्यावर लोटूचा स्टुडिओ गाठला.

"हाई पोर कोन शे?" तिनं फोटो काउंटरवर आपटला. पिठात बुडवून काढल्यासारखा चेहरा. ना धड नाक, ना गाल.

लोटू ओशाळला. "कॅमेरा नवा आहे, चंचलबेन. भिंगातून येणारा उजेड तो स्वतः मोजतो, पुरे झाला की फ्लॅशला थांबवतो. पण फ्लॅश त्याच्या जोडीचाच पाहिजे. माझा जुना, दुसऱ्या कंपनीचा. वर बसतो, पण त्याचं ऐकत नाही. सगळा उजेड ओकून मोकळा होतो."

"मग दुकान कशाला मांडलं?"

"हातानं जमतं ना." त्यानं फ्लॅशच्या पाठीवरचा तक्ता दाखवला. "माणूस किती जवळ बसलाय ते बघायचं, तेवढं भिंगाचं तोंड लहान करायचं." मग मान खाली घालून म्हणाला, "मीच मोठं ठेवतो. चेहरा गोरा येतो. तुझ्या मायनंच सांगितलं होतं."

मेला हलकट, आणि वर बेन म्हणतो! तो फ्लॅश त्याच्याच टाळक्यात घालावा असं चंचलला वाटलं. पण मायचं नाव ऐकून ती जास्तच पेटली. तिनं पदरानं तोंडावरची पावडर खसखसून पुसली आणि स्टुलावर बसली. "आता तक्त्याप्रमाणं काढ. बघतेच मी."

धुऊन आलेला नवा फोटो मायनं हातात घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काळी दिसस. हाऊ फोटो धाडा तर कोनी येवाव नही."

"नको येवोत!" चंचल ओरडली. "लोके येतस, मी चहा लई जास, आनि त्या तोंड पाडतस. ते माले दिसस. तू तवय सयपाकघरमा ऱ्हास!"

"तुन्हा भल्यासाठीच करं ना, पोरी."

"मी इतली वंगाळ शे का?" चंचलचा आवाज फाटला. तिनं मायच्या हातातला फोटो घेऊन मायच्याच गालाजवळ धरला. "दख. तुन्हासारखीच तर दिसस मी."