थोरलीकडची प्रत

सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ दोन्ही सुना चालवत. गिऱ्हाइकांचे जुने फोटो नि व्हिडिओ सांभाळायचं काम पहिल्यापासून थोरलीचं. तिच्या हार्ड डिस्क जाडजूड आणि कुरकुऱ्या. पण ती त्या अधूनमधून जोडून फिरवायची आणि आवाज बदलला की लगेच सगळं नव्या डिस्कवर उतरवायची. सासरे म्हणत, थोरलीकडे दिलं की घोर मिटला.

मग धाकटी आली ती तिची एसएसडी, नव्या जातीची डिस्क, घेऊन. आत फिरणारं काही नाही, आवाज नाही, बोट लावलं की फाइल हजर. सासरे गिऱ्हाइकांसमोर ती मुद्दाम टेबलावरून खाली टाकायचे, आणि बघा, काही होत नाही, म्हणून मिरवायचे. थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कौतुक कुणाचं चाललंय, हे न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती.

सासूबाई गेल्यावर तर कहर झाला. आजारपणातल्या त्यांच्या गप्पांचा एक व्हिडिओ होता. त्यांचं हवं-नको पाहिलं थोरलीने, व्हिडिओ काढला थोरलीने, आणि सासऱ्यांनी तो जपायला सांगितला धाकटीला. तिची पडली तरी फुटत नाही, म्हणाले. धाकटीने तो एसएसडीवर उतरवून घेतला. मूळ प्रत थोरलीच्या हार्ड डिस्कवर होती. त्याच दुपारी तिने ती पुसली आणि त्या जागी कुणाकुणाची लग्नं भरली. सांभाळू दे लाडकीला.

धाकटीने एसएसडी प्रिंटरवरच्या कपाटात ठेवली. प्रिंटर दिवसभर तापायचा. वापरून झिजलेली एसएसडी उष्णतेत, विजेशिवाय वर्षानुवर्षं पडून राहिली तर आतलं विसरू शकते, आणि जाताना कुरकुरतही नाही, हे थोरलीला ठाऊक होतं. कपाट उघडलं की ती समोर दिसायची. थोरलीने तोंडातून ब्र काढला नाही.

तिसऱ्या वर्षी सासऱ्यांनी हट्टच धरला, मला तिचा आवाज ऐकायचाय. धाकटीने एसएसडी जोडली. फाइलचं नाव दिसलं, पण ती उघडेना. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, तर नावही गेलं. थोरली दारात उभी होती. तिला मनातून उकळ्या फुटत होत्या.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. धाकटी मात्र शांत होती.

"बाबा, जिवाला लावून घेऊ नका. खरी प्रत ताईंकडे आहे. आईंचं काही त्या पुसायच्या नाहीत. म्हणून तर मी निर्धास्त होते."

"असं होय," सासरे म्हणाले. "मग लाव गं बाई."

थोरलीला धाकटीचा हेवा याआधीही वाटला होता, पण इतका कधीच नाही. हिला लपवण्यासारखं काहीच नव्हतं. नाही म्हणायला तोंड उघडेना, म्हणून थोरलीने हार्ड डिस्क आणून जोडली. पडद्यावर कुणा अनोळखी माणसांचं लग्न सुरू झालं.

धाकटीने वळून तिच्याकडे पाहिलं. सासऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"असू दे," ते म्हणाले. "पुढे असेल ती."