वहिनी बसली की बंद पडणारी गाडी

चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध आमची जुनी हिरवी गाडी उभी होती. बॉनेट उघडं होतं आणि शीतलबाबा त्यात ओणवे होऊन, इंजिनाच्या कुशीत ओलं फडकं दाबून, काहीबाही पुटपुटत होते. वहिनीला त्यांनी पार औषधाच्या दुकानापर्यंत मागे सरकवलं होतं. सावलीसुद्धा पडता कामा नये म्हणे.

"आता मार चावी," ते दादाला म्हणाले.

मघापासून नुसती कण्हणारी गाडी एका दमात सुरू झाली. गर्दीतून सुस्कारा उठला. काहींनी तर हात जोडले.

दादाचं लग्न झालं आणि गाडी मान टाकायला लागली. आमचे वडील, अण्णा, रोज सकाळी एकटेच गाडी घेऊन छापखान्यात जात, तेव्हा तिला काही होत नसे. वहिनी बसली की मात्र वाटेत कुठेतरी अडायचीच. मेकॅनिकने हात टेकल्यावर कोणीतरी शीतलबाबांना घरी आणलं. डोळे मिटून ते म्हणाले, "या बाईच्या पायात आग आहे. आज गाडी बंद पडते, उद्या घरातलं माणूस बंद पडेल." माणूस म्हणजे काय टेबलफॅन आहे? पण अण्णा हादरले. आज शेवटची परीक्षा ठरली होती: गाडी अडली, तर वहिनीने माहेरी जायचं, ते कायमचं. आणि औषधाच्या दुकानाशी थांबल्यावर गाडी अडली होती.

"सूनबाई," अण्णा खाली बघत म्हणाले, "बसची वेळ होत आलीय."

दादाने स्टिअरिंगवरून मान वर केली नाही.

वहिनी पुढे आली. शाळेत गणित शिकवायची ती. आवाज वर्गातला होता, पण ओठ पांढरे पडले होते.

"जाते, अण्णा. फक्त अजून एक फेरी होऊ दे. या वेळी मी नाही बसणार. माझ्या जागी महाराज बसतील."

"मी?" बाबा चपापले. "पोरखेळ वाटला का हा?"

"बसा की महाराज," सलूनवाला दारातून म्हणाला. "तेवढंच फिरणं होईल."

लोक हसले, तसे बाबांना बसावंच लागलं. दादा त्यांना घेऊन लांबचा वळसा मारून आला. वहिनीने गाडी बंद करायला लावली. "दुकानातून एखादं औषध घ्यायला लागतो, तेवढाच वेळ थांबू," ती म्हणाली.

आता गाडी सुरू झाली असती, तर वहिनी आमच्यातून गेलीच होती.

दादाने चावी फिरवली. गाडी कण्हली. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"महाराज, तुमच्याही पायात आग दिसतेय," सलूनवाला म्हणाला.

बाबा लाल होऊन खाली उतरले. "तिची नजर पडली गाडीवर. मंत्राशिवाय हलायची नाही ती."

"मंत्र मी म्हणते," वहिनी म्हणाली. तिने फडकं बाबांच्या पाण्याच्या बादलीत बुडवलं, बाबांनी दाबलं होतं तिथेच, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपावर दाबलं आणि खणखणीत सुरू केलं, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..." तो पाढा संपल्यावर फडकं पुन्हा भिजवून तिने सव्वीसचा घेतला, मग सतराचा. गर्दीतला एक जण तिच्याबरोबर म्हणू लागला आणि चुकला.

"अहो, मारा चावी."

गाडी सुरू झाली. या वेळी कोणी हात जोडले नाहीत.

"अण्णा, छापखान्यात गाडी दिवसभर निवते," वहिनी म्हणाली. "मी असले की आपण वाटेत दुकानाशी थांबतो आणि लगेच निघतो. गाडी थांबली की वारा थांबतो. इंजिनाची धग पंपात चढते आणि आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप पेट्रोल ढकलतो, त्याला वाफ ढकलता येत नाही."

मेकॅनिक डोकं खाजवत पुढे आला. "लग्नाच्या घाईत पंप काढला होता. पंप आणि इंजिनामधली धग अडवणारी जाड पट्टी तेव्हा तुटली. तशी मिळेना, म्हणून पातळ पॅकिंग लावलं. तेल गळेना, म्हटलं झालं काम."

अण्णा बाबांकडे वळले. "मग तुम्ही फडकं नेमकं पंपावरच कसं ठेवलंत?"

"पूर्वी टॅक्सी चालवायचात का, महाराज?" मेकॅनिकने विचारलं.

बाबा खाली वाकून चपला शोधू लागले. चपला त्यांच्या पायातच होत्या.

दुसऱ्या दिवशी दादा पार्टच्या दुकानात गेला. दुकानदाराने चकचकीत नवा पंपच पुढे केला. दादाने तुटकी पट्टी काउंटरवर ठेवली आणि तेवढ्याच जाडीची, उष्णता अडवणारी पट्टी मागितली. मेकॅनिकने ती बसवली, पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून लांब नेली, आणि गाडी पुन्हा कधी तशी अडली नाही. दादाशी मात्र वहिनी बरेच दिवस कामापुरतंच बोलली.

अमकीच्या येण्याने तमकं बिघडलं, असं सांगणारे अजून भेटतात. त्यांचं ऐकून हात जोडण्याआधी एक करा. ज्याला दोष देतात त्या माणसाला बाजूला ठेवा आणि तेच पुन्हा करून बघा. तेवढंही न करता एका बाईला घराबाहेर काढायला सगळं गाव चौकात जमलं होतं.